पांढऱ्या मुकुटाची भिंत

बिरू, परवा शुक्रवारी शाळेत तुझी शोकसभा झाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. दोन भाषणं ऐकली आणि मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला येऊन बसलो आहोत. ‘कैलासवासी बळवंतराव मास्तर अत्यंत गरीब स्वभावाचे होते. कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत.’ हेडमास्तर हे बोलत होते आणि पुढच्या रांगेतले लोक माना हलवत होते. तू आणि गरीब स्वभावाचा! ज्या माणसाचा आवाज आला की मास्तरांच्या खोलीतले निम्मे लोक चहा अर्धा टाकून तासाला पळायचे, तो म्हणे कुणाच्या अध्यात नव्हता. मेलेल्या माणसाला लोक अंघोळ घालतात ते ठीक आहे, पण त्याचा स्वभावसुद्धा धुऊन काढतात हे मी परवा पाहिलं.

तुझा जन्म कुठला, शिक्षण कुठवर झालं, मागे कोण कोण आहे, हे सगळं छापून आलं आहे. मी ते पुन्हा लिहिणार नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर होतं आणि तू उठून गेलास. ताप आला, चढला, आणि आठवडा संपायच्या आत तू नव्हतास. ही वाद सोडवायची पद्धत नव्हे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो की आम्ही दोघे कशावर भांडत होतो. इजिप्त देशाच्या सगळ्यात पहिल्या राजावर. सोलापुरातला एक इतिहासाचा मास्तर आणि एक ड्रॉइंगचा मास्तर, दोघांनी मिळून नाईल नदी कधी डोळ्यांनी पाहिली नाही, आणि पाच हजार वर्षांपूर्वी तिथले दोन देश एक कसे झाले यावर सहा-सात वर्षं भांडले. लोक हसायचे. हसू देत.

सुरुवात तुझ्या रागातून झाली, जशी तुझ्या सगळ्याच गोष्टींची व्हायची. पाचवीच्या पुस्तकात एकच ओळ होती: मेनेस नावाच्या राजाने दोन्ही देश एक केले. तू पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आलास. ‘चन्नाप्पा, हे वाच. एक केले म्हणं. केले म्हंजे कसे केले? दोन बैलं हायत का एका दावणीला बांधाय?’ मी म्हटलं, मला काय विचारतोस, मी मुलांना आंबा आणि किटली काढायला शिकवतो. पण तू ऐकणारा नव्हतास. वाचनालयात धूळ खात पडलेलं एक जाडं इंग्रजी पुस्तक तू शोधून काढलंस, आणि त्यातला फोटो दाखवायला मला रविवारी घरातून ओढून नेलंस.

तो फोटो मी कधी विसरणार नाही. हिरवट काळ्या दगडाची एक पाटी. डोळ्यांत घालायचा रंग वाटायला तिकडे अशा पाट्या वापरत, पण ही भलतीच मोठी होती आणि दोन्ही अंगांनी कोरलेली. एका बाजूला राजा. डोक्यावर उंच मुकुट, हातात गदा उगारलेली, दुसऱ्या हातात गुडघ्यावर बसलेल्या माणसाचे केस. मागे एक नोकर राजाच्या वहाणा घेऊन उभा. राजाचं नाव नार्मर. दुसऱ्या बाजूला तोच राजा, पण मुकुट वेगळा. पुस्तक सांगत होतं की पहिला मुकुट पांढरा, तो दक्षिणेकडच्या वरच्या देशाचा. दुसरा तांबडा, तो उत्तरेकडच्या खालच्या देशाचा. एकाच माणसाने दोन्ही घातले म्हणजे दोन्ही देश त्याचे झाले. तू तो फोटो खिडकीच्या उजेडात धरलास. मग म्हणालास, ‘ह्ये पोरांनी बघाय पायजे. पुस्तकात न्हाई तर भिंतीवर.’

पाचवीच्या वर्गाची मागची भिंत तू हेडमास्तरांकडून मागून घेतलीस. नदीला नीळ, वाळवंटाला आणि तांबड्या मुकुटाला गेरू, पांढऱ्या मुकुटाला चुना. पाटीवरचा तो राजा आणि त्याच्यासमोरचा गुडघ्यावरचा माणूस मधोमध, त्यांच्या खाली तांबड्या मुकुटातला तोच राजा, आणि एका बाजूने नदीचा नकाशा. सुट्टीचे दिवस आपण तिथे घालवले. आणि पहिलंच भांडण खडूची पहिली रेघ मारताना झालं, कारण तू म्हणालास, दक्षिण वर काढ.

‘नकाशात उत्तर वर असते,’ मी म्हटलं.

‘पाणी कुठनं येतंय?’

‘दक्षिणेकडून.’

‘मग वरलं अंग कुटलं? आमच्या नातेपुत्याकडं वरली आळी म्हंजे जिकडनं वढा येतो ती. ती उत्तरंला हाय का दक्षिणंला, कोण बघतंय? त्या लोकांनी पण तसंच म्हटलं. वरचा देश वरच ऱ्हाईल.’

मी म्हटलं, मुलं परीक्षेत उलटा नकाशा काढतील आणि नापास होतील. तू म्हणालास, डोकं दिलंय ते फिरवायलाच. बिरू, मला हे तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही. नकाशाची एक रीत असते, ती सगळ्यांनी पाळावी म्हणूनच असते. पण खडू तुझ्या हातात गेला होता, आणि तू नदी वरून खाली आणलीस, वाकडीतिकडी, मला ती पुन्हा पुसून नीट काढावी लागली.

खरं भांडण त्या प्राण्यांवरून पेटलं. पाटीच्या दुसऱ्या बाजूला, तांबड्या मुकुटाखाली, लांबच लांब मानेचे दोन प्राणी आहेत. त्यांच्या माना एकमेकींत गुंतलेल्या. मी म्हटलं, हे बघ, हे दोन देश. हा राजा नुसता मारत नाही, जोडतोही. तांबडा मुकुट त्याने फेकून दिला नाही, आपल्या डोक्यावर चढवला. पुढच्या राजांनी तर दोन्ही मुकुट एकात एक बसवले. आम्ही मूळचे अक्कलकोटकडचे, आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच चुलीवर शिजतात, कुणी कुणाचा जीव घेतलेला नाही. एक होणं सोयरिकीसारखंही असू शकतं.

तू फोटोवर बोट ठेवलंस. ‘दावं बघ.’

मी पाहिलं. दोन्ही प्राण्यांच्या गळ्यात दोर होते आणि दोन्हीकडून दोन माणसं ते ओढून धरून उभी होती. चित्रकार मी, आणि मेंढरांच्या मागे वाढलेल्या तुला ते आधी दिसलं.

‘सोयरीक म्हणतोस,’ तू म्हणालास. ‘मुकुट दोन ठिवलं खरं, पण डोस्कं एकच. आन् तुझी आई? तुला कानडीत “ऊटा माड”, जेव, म्हणती, आन् मी दारात दिसलो की गप हुती. मराठी हुडकत बसती. कुणी दावं बांधलंय तिला?’

आपण तुझ्या घरी बसलो होतो; मी पुस्तक मिटलं आणि जायला उठलो. तुझी सारजा, म्हणजे आमच्या वहिनी, ताटं वाढून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘भांडून जेवा न्हाईतर जेवून भांडा, पर भाकरी गार करू नगा.’ आपण जेवलो आणि मग भांडलो. मी म्हटलं, दोर आहे हे कबूल, पण दोर धरणाऱ्यांनी माना कापलेल्या नाहीत, गुंतवल्या आहेत. तू हसलास. तुझं हसू जिंकलेल्या माणसाचं नव्हतं, आणि हरलेल्याचं तर मुळीच नव्हतं. त्या दिवसापासून आजवर मी आईबद्दलच्या त्या प्रश्नाचं उत्तर जुळवतो आहे. अर्धं जुळलं होतं. तुला सांगायचं राहिलं.

मेनेस आणि नार्मर एकच की वेगळे, हेही राहिलंच. मी म्हणायचो, दगडावर नार्मर कोरलंय, मेनेस पुढे लोकांच्या सांगण्यात आला. दगड खरा. तू म्हणायचास, एकच. ‘घरी मी बिरू, हजेरीवर बळवंत. पाच हजार वर्सांनी कुणीतरी दोन मास्तर हुते म्हणंल.’ मेनेसला पाणघोड्याने नेलं अशी जुनी गोष्ट आहे, ती तू वर्गात रंगवून सांगायचास. दोन्ही देश जिंकले आणि म्हशीसारख्या दिसणाऱ्या जनावराने संपवलं! पोरं बाकं बडवायची. परवा ती शोकसभेत अगदी शहाण्यासारखी बसली होती, आणि मला त्यांची कीव आली.

मग तो उन्हाळा आला. शहरावर लष्करी अंमल बसला, रस्त्यात लोकांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या गांधी टोप्या उतरवायला लावल्या. सात रस्त्यावरून जाताना माणसं आधी डोकं चाचपायची. शाळा उघडली त्या आठवड्यात हेडमास्तर वर्गावर्गातून फिरत पाचवीत आले, आणि मागच्या भिंतीसमोर थांबले. भिंत नवी नव्हती. ते ती कितीदा पाहून गेले होते. पण त्या दिवशी त्यांना भलतंच दिसलं.

‘हा पांढऱ्या टोपीवाला कोण?’

मी तिथेच होतो. मला आधी कळेचना. मग कळलं, त्यांना राजाच्या डोक्यावर गांधी टोपी दिसत होती. पांढरं डोकं नकाशाच्या वरच्या अंगाला, तांबडं खाली, आणि पांढऱ्याच्या हातात उगारलेला दंडा.

‘टोपी न्हाई साहेब, मुकुट हाय,’ तू म्हणालास. ‘इजिप्तचा पयला राजा.’

‘राजाचा मुकुट पांढरा असतो का कुठे? सोन्याचा असतो. पिवळा करा. शिक्षणखात्याचे साहेब आले आणि त्यांनी हे पाहिलं तर?’

तू भिंतीशी गेलास आणि अगदी शांतपणे, चौकातून वाट सांगावी तसं, बोट ठेवत गेलास. ‘साहेब, नीट बघा. दंडा उगारलाय तो राजा हाय. केस धरल्यात ती रयत. गुडघ्यावर बसलीया. सायबाला ह्ये कळलं, तर तवा भ्या.’

हेडमास्तरांचा चेहरा मला आजही आठवतो. ते खरोखर घाबरले. वाईट माणूस नाही तो, बायकापोरांचा धनी आहे, पण त्या दिवशी ते उरलेले वर्ग न पाहताच आपल्या खोलीत परतले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर खिळा मारून मुंबई इलाख्याचा मोठा नकाशा टांगला गेला. तू तासाला यायचास, तो उतरवून कोपऱ्यात उभा करायचास, शिकवायचास, आणि जाताना पुन्हा टांगायचास. दिवाळीआधी शाळेला सफेदी होते, तेव्हा तू त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसायचास. सफेदीवाल्यांना ओळखीचं झालं होतं. ते तीन भिंती करून निघून जायचे.

तू कुठल्याच टोपीचा नव्हतास. फेटा बांधायचास. ना मिरवणुकीत गेलास, ना सभेत. म्हणून परवा सगळ्यांना बोलता आलं की कुणाच्या अध्यात नाही. मी तिथे उठून ओरडायला हवं होतं असं तू म्हणशील. मी ओरडलो नाही, पण ऐक, त्यानंतर काय झालं ते.

सभा संपल्यावर हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. सोमवारी खात्याचे साहेब तपासणीला येतात, म्हणाले. ‘पाचवीची मागची भिंत पांढरी करून टाका. तुम्हीच करा, रंगाचं काम तुम्हाला येतं. आता कुणाची हरकत राहिलेली नाही.’

तुझ्या फोटोचा हार अजून ओला होता. मी म्हटलं, ‘माझी आहे.’

‘तुमची? तुम्ही तर त्या उलट्या नकाशाच्या विरुद्ध होता. माझ्यादेखत भांडला आहात.’

‘अजून विरुद्धच आहे.’

‘मग अडचण काय?’

‘जे पटत नाही ते पुसायचं असतं, असं आम्ही दोघांनी कधी ठरवलं नव्हतं.’

तू असतास तर खिडकीत बसून मजा पाहिली असतीस. वीस जणांसमोर तू जे सहज बोलायचास ते मला बंद खोलीत एका माणसासमोर जमेना. हेडमास्तर म्हणाले, मास्तर, नोकरी आहे, विचार करा. मी म्हटलं, विचार करूनच बोलतो आहे, आणि हे मात्र खोटं होतं. विचार केला असता तर बोललोच नसतो. सोमवारी साहेबांसमोर लेखी जाब द्यायचा आहे. नोकरी राहते की जाते ते उद्या कळेल.

काल त्यांनी बाहेरचा माणूस लावून भिंत पुसली. मी वर्गाच्या दारात उभा राहून पाहिलं. चुन्याचा पहिला हात बसला तरी गेरू वर येत होता, सगळी भिंत गुलाबी दिसायला लागली. तो बिचारा म्हणाला, ह्याला अजून एक हात लागंल. दुसरा हात बसला आणि संपलं. नदी गेली, राजा गेला, गुडघ्यावरचा माणूसही गेला. मला रडू आलं. घरी येईपर्यंत ते राग झालं.

माझ्या घराची एक भिंत रस्त्याकडे आहे, तुला माहीतच आहे, तिच्यावर आई गोवऱ्या थापते. आज सकाळी मी गोवऱ्या काढल्या, भिंत खरवडली आणि खडू घेतला. भिंत माझी, रंग माझे, अडवायला कुणी नाही. उत्तर वर काढायला मला कुणाचीही परवानगी नको होती. तरी मी दक्षिण वर काढली आणि तसं वर लिहिलंही. तुझं पटलं म्हणून नव्हे. त्यांनी जी पुसली तीच पुन्हा उभी राहायला हवी, तिच्यासारखी दुसरी नव्हे, म्हणून. माझं म्हणणं मी खाली, कोपऱ्यात काढलं: दोन्ही मुकुट एकात एक बसवलेले. भांडण चालू आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे.

दुपारपर्यंत रस्त्यावर माणसं जमली. समोरचे इमामभाई म्हणाले, ‘क्या मास्टर, ये नदी उल्टी कायकू बहती?’ मी मान न वळवता म्हटलं, ‘उलटी कुठली, पाणी वरून खालीच येतंय की.’ आणि ब्रश तसाच हातात राहिला. बोललो मी होतो, पण ते बोलणं तुझं होतं, आवाजसुद्धा तुझा. इतकी वर्षं ज्याला नाही म्हणत आलो तेच तोंडातून आलं. मला तुझी फार आठवण येते, बिरू, आणि तू इथे नाहीस याचा मला भयंकर संताप येतो. तुझ्यामुळे मी आंबा आणि किटलीतून बाहेर पडलो. दगडातला दोर पाहायला शिकलो. हे तुला सांगायला हवं होतं. पण तुझं कौतुक केलं की तू विषय बदलायचास, म्हणून मी भांडत राहिलो.

ऊन कलत असताना मागे गर्दीत चुळबुळ झाली. मी वळून पाहिलं तर वहिनी. पदर कपाळापर्यंत ओढलेला, बरोबर कुणी नाही. तुझे दिवस अजून व्हायचे आहेत, सुतकातली बाई भर रस्त्यातून चालत आलेली, लोक बाजूला सरले. शेजारची एक म्हातारी काहीतरी पुटपुटली. वहिनींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘तुमच्यात सुतक पाळत न्हाईत म्हणं,’ त्या म्हणाल्या.

आम्ही लिंगायत. आमच्यात सुतक नाही. मी म्हटलं, ‘नाही पाळत, वहिनी.’

‘मग तुमच्या दारात मी उबी ऱ्हायले तर काय बिगडत न्हाई.’

त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. वरपासून खालपर्यंत नदी पाहिली. राजाच्या डोक्यावर नुसती रेघ होती. पांढरा रंग मी शेवटी भरतो, नाहीतर त्याला गेरू लागतो.

‘ह्ये ऱ्हायलंय की.’

‘चुना आता लावायचा आहे.’

‘द्या हिकडं.’

मी ब्रश दिला. माझी आई उंबऱ्यातून आली आणि पाट त्यांच्या पायाशी सरकवला. त्यावर चढून वहिनींनी मुकुट भरला. त्यांना ब्रश धरता येत नव्हता, कूड सारवतात तसा त्या हात फिरवत होत्या, आणि चुना रेघेबाहेर गेला. मी ड्रॉइंगचा मास्तर आहे, रेघेबाहेर गेलेलं मला सोसत नाही. तरी मी चुन्याचा डबा त्यांच्या हाताशी धरून उभा राहिलो. त्यांनी एक हात दिला, वाळू दिला, मग दुसरा दिला.

खाली उतरल्यावर हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, ‘अजून एक द्या वाळल्यावर. लई पांढरं करा. तिकडं लांब रस्त्यावरनं दिसाय पायजे.’

त्या गेल्यावर मी तिसरा हात दिला. मग रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि मागे वळून पाहिलं. बिरू, दिसतंय.